चार बोलींचा मतदार आणि एक उमेदवार

सोलापुरास मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. उंचच उंच असे सात नंदीध्वज तोलीत मानकरी अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा दाटलेल्या समुदायांत मराठी, कानडी, तेलुगु व दखनी उर्दू अशा चार बोली एकाच वेळीं कानीं पडतात. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नांवानें ही यात्रा चालते, ते बाराव्या शतकांतील सत्पुरुष. त्यांचीं वचनें कानडी. परंतु त्यांस ग्रामदैवत मानणाऱ्या शहराचा बराचसा व्यवहार मराठींत चालतो. पुढें श्रावणी पौर्णिमेस पूर्व भागांतील पद्मशाली विणकर मार्कंडेयाचा रथ काढतात, तेव्हां तेंच शहर तेलंगणांतील एखादें शहर वाटूं लागतें. परगांवच्या पाहुण्यास या गोष्टीचें नवल वाटतें. सोलापूरकरास तें नित्याचें होय.

याच रस्त्यांवरून निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक मिरवणूक जाते, ती उमेदवारांची. येथें मत मागावयास निघालेल्या माणसापुढें जो प्रश्न उभा राहतो, तो राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारापुढील प्रश्नाचेंच लहान रूप होय. भाषा निराळी, धंदा निराळा, उपासना निराळी, आणि पूर्वापार चालत आलेल्या तक्रारीहि निराळ्या, अशा लोकांस एकाच माणसानें आपलेंसें कसें करावें? योगायोग असा कीं, याच शहरानें उपराष्ट्रपतिपदासाठींहि एक उमेदवार दिलेला आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार सोलापुराच्या निमित्तानें करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जेवणाच्या पंक्तींत वाढणाऱ्यानें पंक्तिप्रपंच करूं नये, असें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों. परंतु मधुमेहाच्या रोग्यास जिलबी कमी वाढली, अथवा दांत नसलेल्या आजोबांस मऊ भात वाढला, तर त्यास कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाहीं. दोष कोठें येतो? एकाच्या पानावर साजुक तूप वाढून दुसऱ्यास ‘आज तूप संपलें’ असें सांगितलें, म्हणजे. उमेदवाराचेंहि तसेंच आहे. विणकरांच्या वस्तींत जाऊन त्यानें सुताच्या भावाविषयीं बोलावें, शेतकऱ्यापुढें उसाच्या पाण्याविषयीं बोलावें, आणि दोन्ही ठिकाणीं ऐकणाऱ्याच्या भाषेंत बोलावें, यांत गैर तें कांहींच नाहीं. उलट न बोलेल तर तो आळशी ठरेल. मात्र एका वस्तींत दिलेलें वचन दुसऱ्या वस्तींत लपवावें लागत असेल, तर तो उमेदवार बहुरूपी होय. भाषा चार असाव्या, वचन एक असावें, हीच या विषयाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें.

सोलापुरास ही चार बोलींची वस्ती कशी झाली, हें पाहणें उद्बोधक आहे. कानडी मुलूख शेजारचाच, तेव्हां लिंगायत समाज येथें पूर्वापार आहे. १८७७ सालीं येथें कापडाची पहिली गिरणी निघाली. तिलाच लोक पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. गिरण्यांच्या व हातमागांच्या ओढीनें तेलुगुभाषक विणकर कुटुंबेंच्या कुटुंबें येऊन राहिलीं. गांवोगांवचे मराठा, दलित व इतर शेतमजूर गिरणींत शिरले. मुसलमानांची वस्ती तर आदिलशाही काळापासूनची. पुढें जुनी गिरणी १९६३ सालीं बंद पडली, इतर मोठ्या गिरण्याहि मागाहून गेल्या. परंतु यंत्रमागावरची सोलापुरी चादर राहिली, आणि विड्या वळणाऱ्या हजारों बायांचे हात राहिले. पोटासाठीं एकत्र आलेलीं हीं माणसें भाषेनें वेगळीं राहिलीं, पण मनानें नेहमींच वेगळीं होतीं असें म्हणतां येत नाहीं. मे १९३० मध्यें सरकारनें या शहरावर मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत सोलापूरचे चार वीर फांसावर गेले. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हीं त्यांचीं नांवें. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी व एक मराठा. या नांवांची निवड कोणा पक्षाच्या कचेरींत जातवारी मोजून झालेली नव्हती.

आतां मतदानाकडे वळूं. उमेदवारास सर्वांपुढें जावेंच लागतें, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतों. परंतु ती आपोआप घडून आलेली नाहीं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघ दिले. तेथें उमेदवार त्याच समाजाचा आणि मतदारहि त्याच समाजाचे. शेजारच्या आळींत पाऊल टाकण्याचें त्याला कारणच नसे. ऑगस्ट १९३२ मध्यें जातीय निवाडा जाहीर झाला व अस्पृश्य मानलेल्या वर्गांसहि तशीच व्यवस्था मिळण्याचें ठरलें. गांधीजींनीं येरवड्यास उपोषण आरंभिलें, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजीं पुणें करार झाला. जागा राखीव, परंतु मतदार संयुक्त, असा त्याचा मथितार्थ. उमेदवार एका समाजाचा, पण निवडणारे सगळे. या व्यवस्थेंत एक धोकाहि होता, आणि डॉ. आंबेडकरांनीं तो पुढें वारंवार बोलून दाखविला. जो सर्वांच्या मतांवर निवडून येतो, तो ज्यांच्यासाठीं जागा राखली त्यांचाच विसर पडूं देईल, आणि बहुसंख्यांच्या मर्जीचा बांधील होऊन बसेल, ही ती भीति. म्हणजे एकीकडे आपल्यापुरतेंच बोलणारा प्रतिनिधि, आणि दुसरीकडे सर्वांस खूष ठेवतां ठेवतां आपल्या माणसांस मुकणारा प्रतिनिधि, अशी ही दुहेरी अडचण आहे. ती आजतागायत सुटलेली नाहीं.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकींत, म्हणजे १९५१-५२ मध्यें, सोलापूर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज असे दोघे निवडून आले. त्याच निवडणुकींत फेडरेशनचे संस्थापक डॉ. आंबेडकर मुंबईंत पराभूत झाले, हें ध्यानीं घेतलें म्हणजे सोलापूरच्या निकालाचें महत्त्व कळतें. गुरूस महानगरांत जें साधलें नाहीं, तें अनुयायास या गिरणगांवांत साधलें. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धति १९६१ सालीं मोडली. पुढें २००९ पासून सोलापूरची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव झाली, आणि १९३२ च्या कराराची परीक्षा या शहरास दर निवडणुकींत नव्यानें द्यावी लागूं लागली.

या परीक्षेस बसलेल्यांत सुशीलकुमार शिंदे यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. १९४१ सालीं सोलापुरांत जन्मलेल्या या गृहस्थांनीं तेथील न्यायालयांत शिपायाची नोकरी केली, मागाहून ते पोलिस खात्यांत फौजदार झाले, आणि १९७४ सालीं करमाळ्यांतून विधानसभेवर गेले. २००२ सालीं विरोधी पक्षांनीं त्यांस उपराष्ट्रपतिपदासाठीं उभें केलें. येथें मतदार कोण? संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सभासद, बस्स. ना सिद्धेश्वराची यात्रा, ना पूर्व भागांतील माग. या निवडणुकींत पक्षाचा आदेश काढतां येत नाहीं व मतदान गुप्त असतें. तथापि सभासद बहुधा आपापल्या पक्षाबरोबरच जातात. १२ ऑगस्ट रोजीं मतदान झालें, तेव्हां भैरोंसिंह शेखावत यांस ४५४ व शिंदे यांस ३०५ मतें मिळालीं. १४९ मतांचें हें अंतर भाषणानें भरून निघणारें नव्हतें. पांच महिन्यांनीं, जानेवारी २००३ मध्यें, तेच शिंदे महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले.

मग मोजक्या मतदारांच्या निवडणुकींत निरनिराळ्या गटांस आपलेंसें करण्यास वावच नाहीं कीं काय? तसेंहि नाहीं. याच शेखावतांची गांठ २००७ सालीं राष्ट्रपतिपदासाठीं प्रतिभाताई पाटील यांच्याशीं पडली. या निवडणुकींत खासदारांबरोबर राज्यांचे आमदारहि मत देतात, आणि प्रत्येक आमदाराच्या मताचें मोल त्याच्या राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरतें. महाराष्ट्राच्या आमदाराचें मत १७५ मोलाचें, उत्तर प्रदेशच्या आमदाराचें २०८ मोलाचें, तर सिक्कीमच्या आमदाराचें अवघें ७ मोलाचें. प्रतिभाताईंचे मुख्य पाठीराखे काँग्रेसवाले व डावे पक्ष. परंतु शेखावतांच्या बाजूच्या आघाडींत असलेल्या शिवसेनेनें मराठी उमेदवार म्हणून ताईंस मत दिलें. त्या जन्मानें जळगांवकडच्या, राज्यपाल राजस्थानच्या, सासरचें आडनांव पुन्हां शेखावतच, आणि निवडून आल्या तर देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपति. एकाच व्यक्तीकडे पाहावयाच्या इतक्या खिडक्या असल्यावर निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या खिडकींतून पाहिलें, यांत आश्चर्य नाहीं. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मोलानें त्या विजयी झाल्या. ज्यांनीं सोलापूरच्या उमेदवारास हरविलें होतें, त्यांस महाराष्ट्राच्या कन्येनें हरविलें, असें तेव्हां पुष्कळांच्या मनांत आलें असेल.

याच्या उलट उदाहरण चिंतामणराव देशमुखांचें. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं मंत्रिपदाचा त्याग करणारे मानी पुरुष. १९६९ सालीं स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं त्यांस राष्ट्रपतिपदासाठीं उभें केलें. काँग्रेसमध्यें त्याच वेळीं उभी फूट पडत होती. व्ही. व्ही. गिरी यांस पहिल्या पसंतीचीं ४,०१,५१५, संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ व देशमुखांस १,१२,७६९ इतक्या मोलाचीं मतें पडलीं. पुढें दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजून गिरी निवडून आले. देशमुखांच्या विद्वत्तेविषयीं व सचोटीविषयीं कोणाचें दुमत होतें? कोणाचेंच नाहीं. परंतु सर्वांच्या आदरास पात्र असणें निराळें आणि पुरेशांची पहिली पसंती असणें निराळें. आपल्या घरांत सद्गुणांची किंमत फार; ती असावीच. तथापि माझे गुण स्वयंप्रकाशी आहेत, मी लोकांकडे कशास जाऊं, ही जी आपल्या वर्गाची आवडती समजूत, तिला हा निकाल चांगलें औषध आहे.

आतां पुन्हां सोलापुराकडे येऊं. २०१९ ची लोकसभेची लढत देशानें पाहावी अशी झाली. मतदारसंघांत शहराचे उत्तर व मध्य हे भाग, शिवाय अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मोहोळ व पंढरपूर. म्हणजे एका टोकास स्वामी समर्थांचें कानडी-मराठी अक्कलकोट, दुसऱ्या टोकास वारकऱ्यांची पंढरी, आणि मध्यें माग चालविणारें शहर. काँग्रेसकडून सुशीलकुमार शिंदे, वंचित बहुजन आघाडीकडून डॉ. आंबेडकरांचे नातू प्रकाश आंबेडकर, आणि भारतीय जनता पक्षाकडून गौडगांव मठाचे जयसिद्धेश्वर स्वामी. निकाल लागला तो असा: स्वामी ५,२४,९८५, शिंदे ३,६६,३७७, आंबेडकर १,७०,००७.

निकालानंतर अनेकांनीं पाटीपेन्सिल घेऊन बेरीज केली. शिंदे व आंबेडकर यांचीं मतें मिळून ५,३६,३८४ होतात, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षां ११,३९९ अधिक. बेरीज बरोबर आहे. परंतु तिच्यावरून काढलेलें अनुमान बरोबर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मतें हीं एका कणगींतून दुसऱ्या कणगींत ओतावयाची ज्वारी नव्हे. ज्यानें आंबेडकरांस मत दिलें, त्यानें शिंद्यांस नाकारूनच दिलें असेल. त्याचें दुसरें मन कोणीकडे होतें, हें कागदावर कळत नाहीं. त्याचप्रमाणें स्वामींचीं सव्वापांच लाख मतें केवळ मठाच्या भक्तांचीं होतीं, असें मानणें म्हणजेहि मतदारास मेंढरूं समजणें होय. पांच वर्षांनीं, २०२४ सालीं, त्याच मतदारसंघानें शिंद्यांची कन्या प्रणिती शिंदे यांस ६,२०,२२५ मतें देऊन राम सातपुते यांच्यापेक्षां ७४,१९७ मतांनीं निवडून दिलें. मधल्या काळांत कोणाची जात बदलली नाहीं, कोणाची मातृभाषाहि बदलली नाहीं. बदललें तें मन. यावरून जातींच्या व भाषांच्या गठ्ठ्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनीं थोडें नम्र व्हावें.

भाषांच्या भिंती ओलांडण्याचा एक तिसरा मार्गहि सोलापुरांत दिसून आला, आणि त्याचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. कम्युनिस्ट पुढारी नरसय्या आडम हे स्वतः तेलुगुभाषक विणकर समाजांतले. १९७८, १९९५ व २००४ अशा तीन वेळां ते आमदार झाले. त्यांनीं विडी वळणाऱ्या बायांपुढें जी गोष्ट ठेवली ती एकच, स्वतःचें घर. २००६ सालीं कुंभारी येथें गोदूताई परुळेकरांच्या नांवानें उभारलेल्या वसाहतींत सुमारें १०,००० घरें त्या बायांस मिळालीं, आणि जानेवारी २०२४ मध्यें त्याच भागांतील रे नगरच्या पहिल्या १५,००० घरांचें लोकार्पण झालें. त्यांचें राजकीय मत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पटणार नाहीं, आणि ते स्वतः पुढच्या निवडणुकांत पराभूतहि झाले. परंतु तपकिरी झालेल्या बोटांनीं विडी वळणाऱ्या बाईस छप्पर हवें असतें, मग ती तेलुगूंत बोलो, मराठींत बोलो वा उर्दूंत. गरज ही एकच भाषा सर्वांस येते, हें ज्यानें ओळखलें त्याला दुभाष्या लागत नाहीं.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. १९६० सालीं जॉन केनेडी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभे होते. ते कॅथॉलिक, आणि तोंवर त्या देशांत एकहि कॅथॉलिक अध्यक्ष झालेला नव्हता. हा मनुष्य रोमच्या पोपच्या सल्ल्यानें राज्य करील, अशी प्रॉटेस्टंट मतदारांस भीति वाटे. केनेडी १२ सप्टेंबर रोजीं ह्यूस्टन शहरीं प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्याच सभेस गेले, आणि आपण कॅथॉलिकांचे उमेदवार नसून आपल्या पक्षाचे उमेदवार आहों, धर्मानें योगायोगानें कॅथॉलिक आहों, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. आपला धर्म त्यांनीं लपविला नाहीं, किंवा समोरच्यांच्या धर्माची खोटी स्तुतिहि केली नाहीं. जे आपणांस भितात त्यांच्याच दारीं जावयाचें, आणि घरीं बोलतों तेंच तेथें बोलावयाचें, हें धैर्य हा या कलेचा गाभा आहे.

येथवर उमेदवारांविषयीं झालें. आतां थोडें आपणांविषयीं. ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्या घरांतून एक तक्रार नेहमीं ऐकूं येते: ‘आपलीं मतें थोडीं, आपल्याकडे कोण येतो?’ आणि मग मतदानाच्या दिवशीं, सुट्टी आहे तर महाबळेश्वरास जाऊन येऊं, असा बेत ठरतो. जो मतदार मतच देत नाहीं, त्याच्या दारीं उमेदवारानें कां यावें, याचें उत्तर तक्रार करणाऱ्यांनींच द्यावें. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. एखादा उमेदवार आलाच, आणि आपल्या बैठकींत बसून त्यानें पेशव्यांची, लोकमान्यांची, आपल्या पूर्वजांच्या विद्वत्तेची थोरवी गाइली, म्हणजे आपली छाती फुगते. चहाबरोबर चिवडाहि बाहेर येतो. परंतु तोच गृहस्थ पलीकडच्या गल्लींत जाऊन तेथील समाजाच्या पूर्वजांची थोरवी गातो, तेव्हां आपण हंसतों व ‘जातीचें राजकारण’ असें नांव त्याला देतों. हें हंसणें प्रामाणिक आहे काय? आमिष तेंच, आपल्या गळाला फक्त चांदीचा मुलामा.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. उमेदवार घरीं आला, तर त्याचें आदरातिथ्य अवश्य करावें. तो आपल्या घराण्याविषयीं काय म्हणतो तें हंसून ऐकावें आणि मग पाण्याविषयीं विचारावें. भीमेवरचें उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. तरी सोलापूर शहरांतील नळास कित्येक दिवसांआड पाणी येतें, ही तक्रार पुढें वर्षानुवर्षें चालत आली. हंडे, पिंपें व टाक्या भरून ठेवण्याचा हा त्रास पूर्व भागांतल्या विणकराच्या बायकोस आहे, मुसलमान वस्तींतल्या सुनेस आहे, लिंगायत वाड्यांतल्या आजीस आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरांतहि आहे. पाण्याविषयीं तो जें उत्तर देईल, तें वहींत तारखेसह लिहून ठेवावें. संध्याकाळीं पलीकडच्या आळींतील शेजारणीस, मोडक्यातोडक्या तेलुगूंत का होईना, विचारावें कीं तुमच्याकडे त्यानें काय सांगितलें. दोन्ही उत्तरें जुळलीं, तर त्याला मत द्यावयाचें कीं नाहीं याचा विचार करावा. न जुळलीं, तर विचार करण्याचें कारणच उरत नाहीं.

उमेदवारानें सर्वांस एकच गोष्ट सांगावी, अशी आपली अपेक्षा असेल, तर मतदारांनींहि एकमेकांशीं बोललें पाहिजे. एका आळीचें दुसऱ्या आळीस कळत नाहीं, यावरच बहुरूप्याचा सारा संसार चालतो. पुढच्या संक्रांतीस तिळगूळ घेऊन जातांना एखादें घर आपल्या नेहमींच्या यादीबाहेरचें घ्यावें. गोड बोलण्याचा तो सण आहेच. त्या निमित्तानें थोडें खरें बोलणेंहि होऊन जाईल.